जखमी हरिण आणि माग काढणारा कुत्रा

रानात बंदुकीचा बार झाला की हरिण जागच्या जागी कोसळते, अशी शिकार न पाहिलेल्या माणसाची समजूत असते. चित्रांतून आणि कथांतून तसेच दिसते. प्रत्यक्षात पुष्कळदा तसे घडत नाही. वर्मी गोळी लागलेले हरिणसुद्धा एकदा उसळी घेते आणि शेदोनशे पावले धावत जाते. गोळी चार बोटे मागे किंवा खाली लागली असेल तर ते कोसभरही जाते. संध्याकाळ दाटून येते, पाचोळ्यावर रक्ताचे दोन थेंब दिसतात, वीस हातांवर तिसरा दिसतो, आणि त्यापुढे काहीच नाही. शिकारी बत्ती घेऊन तासभर झुडपे धुंडाळतो आणि हात हलवीत घरी परततो. हरिण मात्र कोठल्या तरी काट्याकुट्यांत पडून असते, आणि त्याचे मरण कधी रात्रभराचे असते, कधी दोनतीन दिवसांचे. शिकार करावी की करू नये, हा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी हे मरण कोणत्याही पक्षाला मान्य होण्यासारखे नाही. केवळ या एका गोष्टीसाठी मध्य युरोपात गेली दोन शतके एका विशिष्ट कुत्र्याची जोपासना होत आली आहे. तो कसा निवडतात आणि त्याला कसे शिकवितात, हा या भाषणाचा विषय आहे.

जर्मन भाषेत या कुत्र्याला ‘श्वाइसहुंड’ म्हणतात. ‘श्वाइस’ याचा व्यवहारातील अर्थ घाम; परंतु प्रत्येक धंद्याची जशी आपली एक बोली असते तशी जर्मन शिकाऱ्यांचीही आहे, आणि त्या बोलीत जनावराच्या अंगातून बाहेर आलेल्या रक्ताला ‘श्वाइस’ म्हणतात. या कुत्र्याचे पूर्वज जखमी जनावराचा माग काढीत नसत. राजेरजवाड्यांच्या मोठ्या शिकारीत, आदल्या रात्री सांबरासारखा मोठा नर कोठून गेला व कोणत्या राईत दडला आहे, हे दोरीला बांधलेल्या अवस्थेत मुकाट्याने दाखवून देणे एवढेच त्यांचे काम असे. पुढे बंदुका सुधारल्या, दुरून गोळी घालणे सोपे झाले, आणि १८४८ च्या उलथापालथीनंतर जहागीरदारांच्या जंगी शिकारीही मागे पडल्या. दुरून घातलेल्या गोळीबरोबर जखमी होऊन निसटणारी जनावरे आली, आणि जुन्या कुत्र्याला नवे काम मिळाले. हानोव्हर येथील राजाच्या शिकारखान्यात ही जात घडविली गेली, म्हणून तिला हानोव्हरचा श्वाइसहुंड हे नाव पडले. तिची निगा राखणारी संस्था १८९४ मध्ये स्थापन झाली. बव्हेरियाच्या डोंगरकड्यांवर हा जड कुत्रा दमू लागला, तेव्हा त्याचा डोंगरी शिकारी कुत्र्यांशी संकर करून एक हलकी जात निर्माण करण्यात आली. तिची संस्था म्यूनिक येथे १९१२ मध्ये निघाली. पहिल्या जातीचा कुत्रा २५ ते ४० किलो वजनाचा, दुसरीचा २० ते ३० किलोंचा. दोहोंचे कान लोंबते, कपाळ किंचित आठ्यांचे आणि चेहरा असा गंभीर, की एखाद्या जुन्या कारकुनाची आठवण व्हावी.

या संदर्भात संत ह्यूबर्टचे नाव टाळून चालणार नाही, कारण युरोपातील शिकारी त्यालाच आपला पालक मानतात. सणाच्या दिवशी शिकारीच्या मागे लागलेल्या या सरदाराला हरिणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, आणि त्याने ते जीवन सोडले, अशी आख्यायिका आहे. हा ह्यूबर्ट इसवी सन ७२७ मध्ये वारला; ३ नोव्हेंबर हा त्याचा दिवस पाळतात. बेल्जमच्या आर्देन भागात त्याच्या नावाचा मठ होता. तेथील साधूंनी माग काढणारे कुत्रे पाळले अशी परंपरा आहे, आणि म्हणूनच आपण ज्याला ब्लडहाउंड म्हणतो त्याला फ्रेंच भाषेत आजही संत ह्यूबर्टचा कुत्रा म्हणतात. ज्याने हरिणाकडे पाहून धनुष्य खाली ठेवले त्यालाच शिकाऱ्यांनी आपला पालक करावे, यात वरवर पाहता विसंगती आहे. परंतु जखमी जनावराला शोधल्यावाचून घरी जाऊ नये, हा दंडक ज्यांनी घालून घेतला त्यांना ती तितकीशी विसंगत वाटत नसावी.

आता कुत्र्याच्या नाकाविषयी. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नाससाठ लाख असतात; कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या आगेमागे असतात. पण संख्येपेक्षाही त्याची हुंगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. माग काढताना कुत्रा सेकंदाला पाचसहा वेळा हुंगतो, आणि बाहेर सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून मागे जातो, त्यामुळे समोरचा ताजा गंध विस्कटत नाही. तो जे हुंगतो ते केवळ रक्त असते असे मानणे मात्र चूक आहे. हरिणाच्या खुरांच्या बेचक्यांत ग्रंथी असतात, आणि प्रत्येक पावलागणिक त्यांचा स्राव जमिनीला लागतो. तुडविलेल्या गवताचा, उखडलेल्या मातीचा, गळलेल्या केसांचा असा सगळा मिळून एक गंध त्याच्यापुढे पसरलेला असतो. रक्त थांबले तरी हा गंध थांबत नाही. जेथे माणसाचा डोळा हात टेकतो तेथेच कुत्र्याचे खरे काम सुरू होते, ते याच कारणाने. थंड, दमट हवा आणि सावलीची जमीन या गंधाला जपतात. कोरडा वारा व ऊन त्याला उडवून लावतात. हलक्या पावसाने फारसे बिघडत नाही, पण मुसळधार पावसाने पुष्कळ बिघडते.

अशा कामाला कोणता कुत्रा घ्यावा? येथे पहिली चूक होते ती वेगवान आणि तडफदार कुत्रा शोधण्यात. बेळगाव-विजापूरकडील वाचकांना मुधोळचा कुत्रा परिचयाचा आहे. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर, उघड्या माळावर सशामागे वाऱ्यासारखा सुटणारा. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्याचे तिकीटही काढले. पण तो डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा आहे. सावज दिसेनासे झाले की त्याचा उत्साह मावळतो. जखमी हरिणाच्या मागावर सावज दिसतच नसते. तेथे पाहिजे तो कुत्रा शांत, हट्टी आणि थोडासा रटाळसुद्धा. दहा तासांपूर्वीच्या थंड मागावर तासभर नाक टेकवून चालण्यात ज्याला गोडी वाटते आणि समोरून ताजे हरिण उडाले तरी जो आपला जुना माग सोडीत नाही, तोच कुत्रा खरा. जर्मन संस्था या गुणाला इतके महत्त्व देतात की ज्या नरमादीने परीक्षा दिलेली नाही त्यांची पिल्ले त्या आपल्या नोंदवहीत घेत नाहीत, आणि पिल्लू देताना घेणाऱ्याला रानात नियमित काम आहे की नाही हे पाहतात. नुसते अंगणात बांधण्यासाठी हा कुत्रा मागणाऱ्याला तो सहसा मिळत नाही.

तथापि थोर कुळाशिवाय हे काम होत नाही असे नाही. लाब्राडोर, तारेसारख्या केसांचे जर्मन शिकारी कुत्रे, बीगल, या साऱ्यांतून उत्तम मागकरी निघाले आहेत. सगळ्यांत आश्चर्य वाटावे असा प्रकार म्हणजे डाक्सहुंड. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बिज्जूसारखा बिळात राहणारा एक प्राणी. त्याच्या बिळात शिरण्यासाठी हा आखूड पायांचा कुत्रा तयार केला गेला. शहरातील लोक याच्याकडे पाहून हसतात. परंतु याच्या राठ केसांच्या प्रकाराचे, जेमतेम नऊ किलो वजनाचे कुत्रे जखमी हरिणाच्या मागावर मोठमोठ्या कुत्र्यांना मागे टाकतात. कारण उघड आहे. त्यांचे नाक मुळातच जमिनीपासून वीतभर उंचीवर असते; त्यांची चाल मंद असल्याने दोरी धरणाऱ्या माणसाला धावावे लागत नाही; राठ केसांमुळे काटे टोचत नाहीत; आणि हट्टीपणात तर या जातीला तोड नाही. बर्फ साचलेले असले किंवा पाण्याचे ओहोळ ओलांडायचे असले म्हणजे मात्र आखूड पाय आड येतात.

जात ठरली तरी एका वेतातील पाचसात पिल्लांतून एक निवडणे उरतेच. आठदहा आठवड्यांच्या पिल्लाविषयी खात्रीने काही सांगता येते असे जो म्हणतो त्याचा अनुभव थोडा आहे असे समजावे. अनुभवी लोक पिल्लापेक्षा त्याचे आईबाप पाहतात. ते स्वतः हे काम करीत असतील तर अर्धी परीक्षा तेथेच झाली. उरलेल्या अर्ध्यासाठी यकृताचा एक तुकडा दोरीला बांधून गवतावरून दहाबारा हात ओढतात आणि पिल्लांना एकेक करून सोडतात. एखादे पिल्लू धावत सुटते आणि योगायोगाने तुकड्यापाशी पोचते. एखादे भटकते, पुन्हा परत येते, जेथे गंध चुकला तेथून पुन्हा आरंभ करते. ते दुसरे पिल्लू घ्यावे. मोठ्या आवाजाने न दचकणारे, अनोळखी माणसाजवळ येणारे, पण सारखे पायांत न घोटाळणारे असे असल्यास अधिक चांगले. एवढे करूनही अंदाज चुकतातच. जिम कॉर्बेटचा रॉबिन हा स्पॅनियल जातीचा कुत्रा वेतातील सर्वांत लहान व अशक्त पिल्लू होता. तोच पुढे कुमाऊँच्या रानात जखमी बिबळ्याच्या मागावर त्याचा विश्वासू सोबती झाला.

शिक्षणाला घाई करू नये, पण उशीरही करू नये. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की आरंभ करता येतो. पहिले पाठ यकृत ओढून काढलेल्या मागाचे, वीसतीस पावलांचे आणि सरळ. नंतर रक्त. हरिणाचे मिळाले तर उत्तम. नाहीतर गाईचे किंवा मेंढीचेही चालते. ते लहान बाटल्यांत भरून गोठवून ठेवतात आणि लागेल तसे वितळवितात. बाटलीच्या बारीक भोकातून थेंब थेंब टाकीत जातात किंवा काठीच्या टोकाला स्पंज बांधून पावलापावलावर टेकवितात. मागाच्या शेवटी हरिणाचे कातडे ठेवलेले असते. पिल्लाने ते गाठले की त्याला ते मनसोक्त ओढू द्यावयाचे, त्याच्याशी झोंबू द्यावयाचे, आणि शिक्षकाने जमिनीवर बसून तोंडभर कौतुक करावयाचे. खाऊपेक्षा या कौतुकाची आणि कातड्याच्या मालकीची गोडी कुत्र्याला अधिक लागते, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

त्यानंतर अभ्यास कठीण करीत नेण्याच्या तीन रीती आहेत: लांबी वाढविणे, रक्त कमी करणे आणि माग शिळा होऊ देणे. तिन्ही एकदम करणारा शिक्षक कुत्र्याला नाउमेद करतो. शंभर पावलांचा माग सहज जमू लागला की त्यात एक वळण घालावे. वळणे जमू लागली की तोच माग चार तासांनी, मग रात्रभर ठेवून सकाळी काढावा. हल्ली पुष्कळ जण रक्ताच्या जोडीला एक विशेष जोडा वापरतात. त्याच्या तळव्याला मेलेल्या हरिणाचे खूर बसविलेले असतात, आणि तो घालून चालले की जमिनीवर खुराचा ठसा आणि खुराचा गंध दोन्ही उमटतात. या जोड्याचा लाभ असा की रक्त अगदी कमी वापरता येते. कुत्रा रक्ताच्या थेंबावरून थेंबावर उड्या मारण्याऐवजी त्या एका हरिणाचा गंध मनात धरून चालू लागतो. हानोव्हरच्या जातीचे जुने शिक्षक तर रक्ताला फारसे महत्त्वच देत नसत. ते पिल्लाला निरोगी हरिणाच्या मागावर, ठराविक वाटेवरून गेलेल्या त्या एकाच हरिणाच्या मागावर चालवीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रक्ताची सवय लागलेल्या कुत्र्याला रक्त संपले की माग संपला असे वाटते.

कुत्रा चुकतो त्यापेक्षा त्याचा मालक अधिक चुकतो, असे या क्षेत्रातील लोक सांगतात. मालकाने स्वतःच माग घातलेला असतो, वळण कोठे आहे हे त्याला ठाऊक असते, आणि कुत्रा जरा भलतीकडे गेला की त्याचा हात नकळत दोरी आवळतो. दोनचार महिन्यांत कुत्रा जमिनीपेक्षा दोरीच हुंगू लागतो. याला उपाय एकच: माग दुसऱ्याने घालावा आणि मालकाला तो ठाऊक असू नये. मग त्याला कुत्र्याकडे पाहावेच लागते. शेपटी कशी चालते, मान केव्हा वर उठते, माग सापडलेला असताना दोरीला कसा एकसारखा ताण असतो आणि चुकला की तो कसा ढिला पडतो, ही एक लिपीच आहे. ती ज्याला वाचता आली नाही त्याच्या हाती कितीही चांगला कुत्रा दिला तरी उपयोग नाही. शाळेत मुलाला उत्तर आधीच सुचविणारा मास्तर आणि हा मालक यांत फरक थोडा.

दोरीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती आठदहा मीटर लांबीची, चामड्याची किंवा हल्ली कृत्रिम धाग्याची असते. गळपट्टा रुंद असतो, म्हणजे ताण पडला तरी गळा आवळत नाही. हा गळपट्टा आणि ही दोरी दुसऱ्या कोणत्याही वेळी वापरावयाची नसते. ती काढली की कुत्र्याला कळते, आता काम आहे. फिरायला नेताना घरातील खोडकर पोरासारखे वागणारे कुत्रे या एका गळपट्ट्याने क्षणात गंभीर होतात.

जर्मनीत या अभ्यासाची रीतसर परीक्षा असते. माग किमान १००० मीटरचा, त्यात काटकोनी वळणे, आणि एवढ्या सगळ्या अंतरासाठी फार तर पाव लिटर रक्त. माग घातल्यानंतर तो किमान २० तास तसाच ठेवतात. वरच्या परीक्षेसाठी ४० तास. म्हणजे मध्ये एक किंवा दोन रात्री जातात, त्यावरून रानडुकरे, ससे, इतर हरिणे खुशाल आडवी जातात, दव पडते, ऊन पडते. परीक्षक मागून शांतपणे चालत असतात. कुत्रा फार वेळा भरकटला आणि त्याला मागावर परत आणावे लागले, तर तो नापास होतो. काही कुत्र्यांना आणखी एक कला शिकवितात. मोकळा सोडलेला असताना मेलेले हरिण सापडले तर मालक येईपर्यंत तेथेच उभे राहून भुंकत राहावयाचे. ज्यांना ते साधत नाही त्यांच्या गळपट्ट्याला चामड्याची एक लहान पट्टी टांगलेली असते. हरिण सापडले तर ती तोंडात धरून त्यांनी मालकाकडे परत यावयाचे, म्हणजे न बोलता निरोप पोचतो.

परीक्षा उतरली तरी खरे रान निराळेच. कल्पना करावी की शिकाऱ्याचा निरोप आला आहे. जाणता मालक लगेच कुत्रा घेऊन धावत नाही. तो आधी विचारतो: गोळी लागली तेव्हा हरिण कसे हलले? मग बार लागलेल्या जागी जाऊन गुडघ्यांवर बसतो. फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर गोळी फुप्फुसात आहे. हरिण जवळच मरून पडलेले असावे. रक्त काळपट तांबडे असेल तर यकृत. हिरवट, अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचा अंश आणि आंबट वास असेल तर गोळी कोठ्यात गेली आहे. हाडाची कपची सापडली तर बहुधा पाय मोडला आहे. यानुसार थांबावयाचे. यकृतास गोळी लागलेल्या हरिणाला चारपाच तास द्यावयाचे, कोठ्यात लागलेल्याला आठ ते बारा. ऐकणाऱ्याला हे क्रूर वाटेल. मरणाऱ्या प्राण्याला तासन् तास तसेच का ठेवावयाचे? पण कारण दयेचेच आहे. असे हरिण एकटे सोडले तर थोड्या अंतरावर बसते, अशक्त होते आणि बहुधा तेथेच प्राण सोडते. लगेच पाठलाग केला तर भीतीने उठून कोसभर धावते, आणि मग त्याला मरणही मिळत नाही आणि मदतही नाही. माणसांच्या उतावळेपणामुळे जितकी जखमी हरिणे हरवतात तितकी कुत्र्यांच्या चुकांमुळे हरवत नसावीत. रातोरात दहा माणसांनी बत्त्या घेऊन तुडविलेले रान सकाळी कुत्र्यापुढे ठेवले म्हणजे दहा जोड्यांना लागलेले रक्त चोहोंकडे पसरलेले असते, आणि त्या गोंधळातून एक धागा शोधून काढणे त्याच्या नशिबी येते.

नंतर काम सुरू होते. कुत्रा पुढे, दोरी मधे, मालक मागे, आणि त्याच्या मागे शिकारी गप्प. जखमी हरिण सरळ चालत नाही. ते आपल्याच पावलांवरून मागे फिरते, मग बाजूला उडी घेते, ओढ्यातून चालते, दाट झुडपात बसते व पुन्हा उठते. कुत्रा उडीच्या जागी गोंधळतो, घिरट्या घालतो, मग एकाएकी दोरी ताणली जाते. बसल्याच्या जागी रक्ताने माखलेले गवत सापडते आणि तेथे हात लावून मालक पाहतो, ते ओले आहे की सुकले आहे. अशा कितीतरी फेऱ्या होतात. कधी दोनशे पावलांत निकाल लागतो, कधी पाचसहा तास जातात. आणि कित्येकदा अखेर काहीच सापडत नाही. या अपयशालाही एक अर्थ असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चांगला कुत्रा दोनतीन किलोमीटर गेला, वाटेत हरिण कोठेही बसलेले आढळले नाही, ते इतर हरिणांच्या वाटेला लागून चरत गेले असे दिसले, तर जखम वरवरची होती आणि ते जगेल, असा निर्वाळा देता येतो. शिकाऱ्याच्या मनावरचे ओझे त्याने काहीसे उतरते. कदाचित पुढच्या वेळी तो अधिक जवळून व अधिक विचाराने चाप ओढतो.

सापडले तेव्हा कुत्र्याला त्याचा मान दिला जातो. जर्मनीत हरिण मिळाले की ओकची किंवा देवदाराची डहाळी तोडून शिकाऱ्याला देण्याची रीत आहे. कुत्र्याच्या मदतीने मिळाले असेल तर त्या डहाळीचा एक भाग कुत्र्याच्या गळपट्ट्यात खोवतात. कुत्रा बहुधा ती झटकून टाकतो आणि हरिणाचे केस चाटीत बसतो.

हरिण जिवंत सापडले तर काय करावे, याविषयी देशोदेशी एकमत नाही. जर्मन पद्धतीत हरिण बसल्या जागेवरून उठून पळाले की दोरी सोडतात. कुत्रा त्याला गाठून थोपवून धरतो, भुंकत राहतो, आणि मालक जवळ येऊन शेवटची गोळी घालतो. तेथील शिकारीच्या संघीय कायद्याचे एक कलमच असे आहे की जखमी जनावराला अनावश्यक यातनांतून तत्काळ सोडविले पाहिजे. आणि निरनिराळ्या प्रांतांचे कायदे अशा शोधासाठी लायक कुत्रा ठेवणे बंधनकारक करतात. अमेरिकेत मात्र कित्येक राज्यांत हरिणाच्या मागे कुत्रा नेणेच गुन्हा होता. यालाही कारण होते. एके काळी तेथे कुत्र्यांच्या टोळ्यांनी हरिणांचा फार संहार झाला होता. न्यूयॉर्क राज्यात जॉन जॅनेनी या इतिहासाच्या प्राध्यापकाने १९७० नंतरच्या दशकात वन्यजीव खात्याची खास परवानगी काढून, राठ केसांच्या डाक्सहुंडांना दोरीला बांधून, हे काम प्रयोग म्हणून करून दाखविले. दोरीवरचा कुत्रा आणि मोकाट टोळी यांत किती अंतर आहे हे अधिकाऱ्यांना पटविण्यास बरीच वर्षे लागली. १९८६ मध्ये तेथे परवानाधारक माणसाला दोरीवर कुत्रा नेण्यास कायद्याने मुभा मिळाली, आणि पुढे अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरविला. दोरी सोडावयाची नाही ही अट मात्र तेथे राहिली. जर्मन शिकाऱ्यांना ती अर्धवट वाटते, अमेरिकन लोकांना जर्मन रीत धोक्याची वाटते. पाय मोडलेल्या हरिणाच्या बाबतीत जर्मनांची बाजू बळकट दिसते, कारण तीन पायांचे हरिण दोरीवरच्या कुत्र्याला क्वचितच हाती लागते. वस्तीला लागून असलेल्या रानात, जेथे पलीकडेच मोटारींचा हमरस्ता आहे, तेथे अमेरिकनांची अट शहाणपणाची आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरिणांच्या शिकारीची वाट बंद झाली, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे सांबराच्या किंवा चितळाच्या रक्तावर कुत्रा शिकविण्याचा प्रश्न येथे उरला नाही. पण विद्या वाया गेली असे नाही. २००८ पासून आपल्याकडे वनखात्यांसाठी कुत्रे तयार करण्याचे काम पद्धतशीर चालू झाले. वाघाचे कातडे, हाडे, हस्तिदंत हुंगून दाखवावे आणि चोरट्या शिकाऱ्याचा माग काढावा, हे त्यांचे शिक्षण. कर्नाटकातील बंदीपूरच्या व्याघ्रप्रकल्पात राणा नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्र्याने असे काम करून नाव मिळविले. शिक्षणाचा पाया तोच आहे: लहान सरळ माग, मग लांब, मग शिळा, दुसऱ्याने घातलेला माग, आणि दोरी धरणाऱ्याने मुकाट्याने कुत्र्याच्या शेपटीकडे पाहणे. फरक एवढाच की येथे मागाच्या शेवटी हरिण नसते, फासे लावणारा माणूस असतो, आणि काम फत्ते झाले म्हणजे कुत्र्याला कातड्याऐवजी खेळायला चेंडू मिळतो.